पहिल्या सॉर्टीआधी: लष्करी वैमानिक प्रशिक्षणाची जमिनीवरची तयारी

पहिल्या दोन-तीन सॉर्टींत, म्हणजे प्रशिक्षण-उड्डाणांत, जवळजवळ प्रत्येक शिकाऊ वैमानिकाचं एकदा तरी असं होतं. विमान सरळ चाललेलं असतं. मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टर विचारतो, "आपला वेग किती?" वेगाचा काटा समोरच, हातभर अंतरावर असतो. तरी उत्तर यायला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान दीडशे फूट खाली आलेलं असतं. उंची सावरायला जावं तर दिशा सुटते. नेमका त्याच वेळी टॉवर आपला कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) घेऊन काही सांगतो आणि ते ऐकूच येत नाही. कान ठणठणीत असतात, पण डोक्यात आणखी काही शिरायला जागाच उरलेली नसते.

बरीच वर्षं त्या मागच्या सीटवर बसून मी हे पाहिलंय. आम्ही त्याला 'कपॅसिटी संपली' म्हणायचो. स्टिकवर (विमान चालवायच्या दांडीवर) हात चांगला नाही म्हणून गळणारी मुलं-मुली मी कमी पाहिली, कपॅसिटी संपून गळणारी जास्त. त्यामुळे मला कुणी विचारलं की प्रशिक्षण सुरू व्हायला सहा-आठ महिने आहेत, काय करू, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: जे जे जमिनीवर अंगवळणी पाडता येईल ते आत्ताच पाडा, म्हणजे हवेत डोकं मोकळं राहील. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. निवड परीक्षा आणि मुलाखत हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

पायरी १: आधी वैद्यकीय, मग बाकीचं

ज्या हवाई दलात किंवा नौदलात जायचंय त्यांचे वैद्यकीय निकष मिळवा आणि खाजगीत एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. डोळ्यांचा नंबर, रंगज्ञान, कान, नाकाचं हाड, पाठीचा कणा, हृदयाचा आलेख. रंगज्ञान बहुतेक ठिकाणी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर तपासतात. 1917 सालची ही चाचणी आहे, दोन मिनिटांत होते. तिच्यात अडलात तर ते आज कळणं चांगलं, दोन वर्षं तयारी केल्यावर नको.

डोळ्यांच्या लेझर शस्त्रक्रियेबाबत घाई करू नका. काही दलं ठरावीक प्रकारची शस्त्रक्रिया चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि जिथे चालते तिथेही शस्त्रक्रियेनंतर नजर स्थिरावायला ठरावीक काळ जावा लागतो. आधी नियम वाचा, मग डॉक्टर गाठा. उलट क्रमाने गेलेल्यांना परतीची वाट नसते.

उंचीबरोबर बसल्यावरची उंची आणि मांडीची लांबीही मोजतात. याचं कारण इजेक्शन सीट, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी. सीट सुटते तेव्हा माणूस 12 जीपेक्षाही, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या बारा पटींपेक्षाही, जास्त जोराने वर फेकला जातो. गुडघे जास्त पुढे येत असतील तर ते बाहेर पडताना कॉकपिटच्या चौकटीवर आपटतील. तुम्ही कितीही धडधाकट असा, या मोजमापात कुणाच्याच हातात काही नसतं. त्याच कारणासाठी पाठीच्या जुन्या दुखापती बारकाईने पाहतात.

आणि काही लपवू नका. लहानपणचा दमा, एकदा आलेली फिट, मायग्रेन, जे असेल ते सांगा. लपवलेली गोष्ट हवेत वर आली तर ती तुमच्या एकट्यापुरती राहत नाही.

पायरी २: शरीर, पण नेमकं कुठलं

जिममध्ये छाती-दंड फुगवून येणारे बरेच असतात. विमानाला त्याचा फारसा उपयोग नसतो. जोराच्या वळणात रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं. आधी रंग फिके पडतात, मग कडांनी दिसेनासं होतं, मग काळोख, आणि तरीही ओढ सोडली नाही तर शुद्ध जाते. रक्तपुरवठा एकदम तुटला तर मेंदूकडे प्राणवायूची पुंजी पाच-सहा सेकंदांचीच असते. शुद्ध गेली की साधारण दहा-पंधरा सेकंद माणूस पूर्ण बाद, आणि जागा झाल्यावरही जवळपास तेवढाच वेळ आपण कुठे आहोत हे त्याला उमगत नाही. ताशी सातशे किलोमीटरने खाली चाललेल्या विमानात हा फार मोठा काळ आहे.

यावर उपाय म्हणजे पाय, नितंब आणि पोट घट्ट आवळून रक्त वरच रोखणं आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलणं. जी-सूट, म्हणजे पाय-पोट दाबून धरणारा पोशाख, मदत करतो, पण मुख्य काम स्नायूंचं. म्हणून मांड्या, पोटऱ्या, नितंब, पोट आणि कंबर यांवर भर द्या: स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्लँक. आठवड्यातून दोन-तीनदा पळा, पण मॅरेथॉनच्या मागे लागू नका. श्वासाचं तंत्र मात्र घरी आरशासमोर जोर लावून करत बसू नका. चक्कर येऊन पडाल आणि चुकीची सवय लागेल ती वेगळीच. ते इन्स्ट्रक्टरकडून आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून जी अनुभवायला लावणाऱ्या यंत्रात) शिकायचं.

मान कुणी लक्षात घेत नाही. डोकं, हेल्मेट आणि मास्क मिळून साधारण साडेसहा किलो धरा. पाच जीला ते बत्तीस-तेहतीस किलो होतं, आणि तुम्हाला त्याच वेळी मागे वळून दुसरं विमान शोधायचं असतं. हाताने डोक्याला चारही बाजूंनी रोध देऊन रोज पाच मिनिटं मानेचा व्यायाम करा. धक्के देऊ नका.

पाणी आणि झोप यांबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही करत नाही. शरीरात पाणी कमी असलं की जी सहन करण्याची ताकद सरळ घटते, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ३: तोंडी हिशेब

शाळेतल्या पाढ्यांचा इतका रोकडा उपयोग दुसऱ्या कुठल्या नोकरीत होत असेल असं मला वाटत नाही. हवेत कॅल्क्युलेटर काढायला हात मोकळा नसतो. रोज पंधरा मिनिटं, चालता-चालता, मोठ्याने करा.

वेगापासून सुरुवात. 60 नॉट म्हणजे मिनिटाला एक सागरी मैल. मग 120 ला दोन, 180 ला तीन, 240 ला चार. आता स्वतःला विचारा: 150 नॉटने 35 मैल जायला किती वेळ? मिनिटाला अडीच मैल, म्हणजे 14 मिनिटं. हे तीन सेकंदांत आलं पाहिजे.

उलटी दिशा: दिशा 180 पेक्षा कमी असेल तर 200 मिळवा, 20 वजा करा. 137 चं 317 होतं. जास्त असेल तर 200 वजा, 20 अधिक. 245 चं 065. थेट 180 मिळवायला जाल तर दर चौथ्या वेळी चुकाल, हे मी पैजेवर सांगतो.

साठात एकचा नियम: दिशेत एका अंशाची चूक झाली तर 60 मैलांनंतर तुम्ही एक मैल बाजूला असता. तीस मैल उडून दोन मैल डावीकडे सापडलात, म्हणजे चार अंशांची चूक. उतरताना तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणा: 120 नॉटला मिनिटाला 600 फूट.

जमायला लागलं की जिना चढत करा. मग कुणाला तरी मध्येच बोलत राहायला सांगून करा. शांत खोलीतला हिशेब हवेत पाचव्या मिनिटाला उडून जातो.

पायरी ४: खुर्चीतलं उड्डाण

सहा महिन्यांत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. खर्च शून्य, आणि इतकं परत देणारं दुसरं काही नाही.

तुमच्या प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटचा फोटो मोठा छापून भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीत लावा. कुठलं विमान मिळेल ते अजून ठाऊक नसेल तर कुठल्याही साध्या प्रॉपेलर ट्रेनरचं कॉकपिट चालेल. समोर खुर्ची. उजव्या हातात स्टिक म्हणून लाटणं किंवा पट्टी, डावा हात थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो तो), पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवतो तो). डोळे उघडे. आणि सगळं मोठ्याने बोलायचं.

एक सर्किट घेऊ, म्हणजे उडून धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून पुन्हा उतरणं. धावपट्टी डावीकडे, आपण तिला समांतर उलट्या दिशेने, हजार फुटांवर. हा डाउनविंड. "टॉवर, अमुक, डाउनविंड." उतरण्याआधीची तपासणी: ब्रेक, अंडरकॅरेज (चाकं), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), इंधन, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा), पट्टे. विमानागणिक यादी बदलते, पण प्रत्येक शब्दाबरोबर बोट त्या जागी गेलं पाहिजे. मान वळवून डावीकडे बघा, धावपट्टीची सुरुवात खांद्यामागे साधारण 45 अंशांवर गेली का? गेली, तर आधी वळायच्या बाजूला लुकआउट (दुसरं विमान नाही ना ते बघणं), मग थ्रॉटल मागे, विमानाचं नाक आहे तिथेच धरून ठेवायचं, वेग उतरला की फ्लॅप, वळण, ट्रिम (स्टिकवरचा जोर काढणं). बेसवर, म्हणजे धावपट्टीला आडव्या टप्प्यावर, पुन्हा वेग, उंची, धावपट्टी. फायनलचं, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत आणणारं, वळण. "फायनल, थ्री ग्रीन्स" (चाकं खाली आल्याचे तीन हिरवे दिवे). मग फक्त धावपट्टीचं टोक आणि वेग, टोक आणि वेग, तोंडाने म्हणत राहा.

खऱ्या विमानात टेकऑफपासून धरून पूर्ण सर्किटला पाच-सहा मिनिटं लागतात. खुर्चीतही तेवढीच लागली पाहिजेत, म्हणून घड्याळ लावा. दोन मिनिटांत आटोपत असेल तर तुम्ही मधल्या गोष्टी खाताय.

रोज दहा सर्किटं झाली की त्यात बिघाड घाला. फायनलवर धावपट्टीवर दुसरं विमान आलं. डाउनविंडवर इंजिनाचा आवाज बदलला. घरातल्या कुणाला तरी मध्येच विचारायला सांगा, "245 ची उलटी दिशा?" हात थांबला, तर तपासणी अजून अंगात मुरलेली नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो, कारण पाठांतराला एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. सोलोला, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला, दोन-तीन सॉर्टी उरल्या होत्या. तपासणी मला झोपेत म्हणता येत होती. डाउनविंडवर रेडिओवर गडबड होती, मी झरझर म्हणून टाकलं, "अंडरकॅरेज डाउन, थ्री ग्रीन्स." इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत. बेस झाला, फायनलवर आलो, मी पुन्हा म्हणालो, "थ्री ग्रीन्स." मागून शांतपणे आवाज आला, "कुठले ग्रीन्स?" बघतो तर तिन्ही दिवे विझलेले. लिव्हर वरच होता. मी तो खाली केलाच नव्हता. फक्त म्हणालो होतो, तेही दोनदा. गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. खाली आल्यावर त्यांनी एकच गोष्ट करायला लावली: बोट दिव्याला टेकल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणून वर लिहिलंय, बोट त्या जागी गेलं पाहिजे. खुर्चीत भिंतीवरच्या फोटोला खरोखर हात लावा, लाज वाटू देऊ नका.

चेकलिस्टची गोष्ट तशी जुनी आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 उडताच कोसळलं. पुढे बी-17 म्हणून गाजलेलं ते हेच. मेजर प्लॉयर हिल हे अनुभवी चाचणी वैमानिक ते उडवत होते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटी-पंखांचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप उड्डाणाआधी काढायचं राहून गेलं होतं. विमानात बिघाड काहीच नव्हता. त्यानंतर वैमानिकाच्या हातात छापील यादी आली. हिल यांच्यासारख्या माणसाच्या हातून कुलूप राहू शकतं, तर तुमच्या-माझ्याकडूनही राहणारच.

पायरी ५: रेडिओ

ध्वनिवर्णमाला, म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली वगैरे, आज जशी आहे तशी 1956 पासून रूढ आहे. ती एका आठवड्यात पाठ होते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत म्हणा. आकड्यांत थ्रीचं 'ट्री', फाइव्हचं 'फाइफ', नाइनचं 'नाइनर' होतं, रेडिओच्या खरखरीत त्यांची गल्लत होऊ नये म्हणून.

खरी अडचण बोलण्याची नसते, परत म्हणण्याची असते. टॉवरने दिलेली दिशा, उंची, दाबाचा आकडा, धावपट्टी हे सगळं तसंच्या तसं परत म्हणायचं. सरावासाठी कुणाला तरी असं एक वाक्य सहज आवाजात वाचायला सांगा: "डावीकडे वळा, दिशा 270, तीन हजार फुटांवर या, दाब 1009." त्याच दमात परत म्हणा. पहिल्या दिवशी चारपैकी दोन गोष्टी आठवतील. महिन्याभरात चारही येतात. बटण दाबायच्या आधी काय बोलायचं ते ठरवा. 'अं... ते...' करत सगळी फ्रीक्वेन्सी अडवून धरणारा शिकाऊ टॉवरला लगेच ओळखू येतो.

पायरी ६: थोडा सिद्धांत, पण घट्ट

सगळी पुस्तकं आधीच वाचून जायची गरज नाही, प्रशिक्षणात ती वाचून घेतातच. एक गोष्ट मात्र पक्की समजून जा: स्टॉल कोनामुळे होतो, वेगामुळे नाही. येणारा वारा आणि पंख यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते, मग वेग कितीही असो. 60 अंश कलून उंची राखत वळलात तर पंखांवर दुप्पट भार, 2 जी, आणि स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्क्यांनी वर. सरळ उडताना 70 नॉटला स्टॉल होणारं विमान त्या वळणात 99 ला होईल. फायनलचं वळण चुकलं म्हणून खालच्या उंचीवर स्टिक ओढून ते घट्ट करणारे याच गणिताने मरतात. कागदावर आकृती काढून हे दुसऱ्याला समजावता आलं, म्हणजे तुम्हाला समजलं.

घरच्या सिम्युलेटरबद्दल माझं मत जरा कडू आहे. उपकरणांवरचं उड्डाण आणि नेव्हिगेशनच्या पद्धती शिकायला तो छान. पण पडद्यावर वाढलेली मुलं डोळे आतच ठेवतात. लष्करी शिक्षणाची सुरुवात बाहेर बघण्यापासून होते: नाक क्षितिजाच्या किती वर-खाली, पंख सरळ आहेत का, आणि आकाशात अजून कोण आहे. ही सवय मोडायला आम्हाला चार-पाच सॉर्टी लागायच्या. वापरायचाच असेल तर वेग आणि उंची सोडून बाकीची उपकरणं झाकून वापरा.

ग्लायडिंगची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाची, सोय मिळत असेल तर दुसरा विचार न करता घ्या. लांब पंखांमुळे पाय रडरवर जिवंत राहतात आणि इंजिन नसल्यामुळे उतरणं एकाच संधीत करायची सवय लागते.

पायरी ७: पोटात ढवळणं

हे बहुतेकांना होतं आणि जवळजवळ सगळे ते लपवतात. डोळे सांगतात स्थिर आहोत, आतला कान सांगतो फिरतोय, आणि या भांडणात पोट भरडलं जातं. आतल्या कानावरच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं. त्यांच्या नावाची फिरती खुर्ची आजही उड्डाण-वैद्यकात वापरतात, कानाला फसवून दाखवायला आणि अशा शिकाऊंना हळूहळू सरावायलाही.

बहुतेकांचं काही सॉर्टींत आपोआप थांबतं. तोवर उपाशीपोटी जाऊ नका, पोट गच्चही नको. थंड हवेचा झोत तोंडावर घ्या, नजर क्षितिजावर. नियंत्रण आपल्या हातात असलं की त्रास कमी होतो, म्हणून इन्स्ट्रक्टरला सांगा आणि स्टिक मागून घ्या. पिशवी खिशात ठेवा, मी पहिल्या चार सॉर्टींत तीन वापरल्या. मळमळीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच झोप आणतात. सर्दी असेल तर उडूच नका. उतरताना कानातला दाब मोकळा झाला नाही तर पडदा फाटण्यापर्यंत जातं.

पायरी ८: शिकवून घेणं

इन्स्ट्रक्टर बोलत-बोलत दाखवतो, मग तुम्ही करता. ही पद्धत 1917 मध्ये इंग्लंडात गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी बसवली. तेव्हा पुढच्या-मागच्या सीटमध्ये बोलायला रबरी नळी असायची. तोवर विमानाला धोकादायक स्थितीत जाऊच द्यायचं नाही असं शिकवत. त्यांनी मुद्दाम न्यायला आणि बाहेर काढायला शिकवलं. त्यामुळे चुका होणारच, त्यासाठीच मागे माणूस बसवलाय.

मला सगळ्यात त्रास द्यायचे ते डिब्रीफिंगमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) स्पष्टीकरण देणारे. "सर, वारा होता." वारा मलाही लागला होता. जे झालं ते सांगा, का झालं याचा तुमचा अंदाज सांगा, आणि गप्प बसून लिहून घ्या.

यासाठी एक पातळ वही करा आणि ती आजपासूनच, खुर्चीतल्या सर्किटांपासून वापरा. प्रत्येक सॉर्टीला एकच पान: वर तारीख, मग काय बिघडलं, कुठल्या क्षणी डोकं भरलं, आणि पुढच्या वेळी त्या क्षणाआधी काय करून मोकळं व्हायचं. उदाहरणार्थ: 'डाउनविंडचा कॉल उशिरा. वळण पूर्ण व्हायच्या आधीच वाक्य मनात जुळवायचं.' आदल्या रात्री सगळी वही चाळत बसू नका. शेवटचं पान वाचा, दोन सर्किटं खुर्चीत करा आणि झोपा.